लस दंडाला, कळ छातीत

१३ डिसेंबर २००२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी देवीची लस पुन्हा टोचायला सुरुवात होणार असल्याचं जाहीर केलं. देवीचा रोग तेव्हा जगात कुठेच नव्हता. नैसर्गिकरीत्या देवी आलेला शेवटचा रुग्ण १९७७ साली सोमालियात सापडला होता आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून गेल्याची घोषणा केली होती. पण न्यूयॉर्कचे मनोरे कोसळून सव्वा वर्ष झालं होतं, ॲन्थ्रॅक्सची पाकिटं टपालातून येऊन माणसं मेली होती आणि इराकवर चढाईची तयारी चालू होती. देवीचे विषाणू कुणी शस्त्र म्हणून वापरले तर काय, या भीतीने वॉशिंग्टनची झोप उडाली होती. सुमारे पाच लाख सैनिकांना लस सक्तीची, रुग्णालयांतल्या आणि आरोग्य खात्यांतल्या सुमारे तेवढ्याच कर्मचाऱ्यांना ती ऐच्छिक, असा बेत ठरला. सरसेनापती या नात्याने आपणही टोचून घेऊ, घरच्यांना मात्र देणार नाही, असं बुश म्हणाले. २१ डिसेंबरला त्यांनी ती टोचून घेतली.

लस जुनीच होती. वायेथ कंपनीने वासरांच्या कातडीवर वाढवलेली ‘ड्रायव्हॅक्स’ गोदामांत वर्षानुवर्षं गोठवून सुकवलेल्या रूपात ठेवलेली होती. ती द्यायची पद्धतही जुनी. दोन टोकांची सुई कुपीत बुडवली की टोकांच्या बेचक्यात लशीचा एक थेंब अडकतो. मग तीच सुई दंडावर भराभर टोचायची. पहिल्यांदा देवी काढणाऱ्याला, म्हणजे ही लस घेणाऱ्याला, तीन वेळा, पूर्वी काढलेल्याला पंधरा वेळा. या लशीत मेलेला जंतू किंवा त्याचा तुकडा नसतो. तिच्यात ‘व्हॅक्सिनिया’ नावाचा जिवंत विषाणू असतो आणि तो दंडावर वाढतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुटकुळी, मग पाणी, आठव्या-दहाव्या दिवशी पू, पुढे खपली आणि आयुष्यभराचा वण. महाराष्ट्रात पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी लोकांच्या दंडावर तो वण आजही आहे.

विषाणू जिवंत असल्यामुळे तो आवरायचं काम टोचून घेणाऱ्याच्या शरीरालाच करावं लागतं. ज्याचं शरीर हे करू शकत नाही त्याचं काय होतं, हे डॉक्टरांना फार आधीपासून माहीत होतं. डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प यांनी १९५० च्या दशकात अशी मुलं पाहिली होती. जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळाच्या दंडावरची जखम भरतच नाही. ती पसरत जाते, खोल जाते, काळी पडते. आश्चर्य म्हणजे तिच्या कडेला ना सूज असते ना लाली. शरीर लढतच नसेल तर लाली येणार कुठून? ‘प्रोग्रेसिव्ह व्हॅक्सिनिया’ नावाचा हा विकार बहुतेकदा जीव घेई. नुकती लस घेतलेल्या लोकांच्या रक्तातून प्रतिपिंडं काढून ती रुग्णांना देण्याचा उपाय केम्प यांनी रुळवला. देवीच्या रुग्णांच्या घरच्यांना ती देऊन रोग टळतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी मद्रासमध्येही काम केलं. अमेरिकेत १९४९ नंतर देवीचा एकही रुग्ण नव्हता आणि लशीने मात्र दर वर्षी काही मुलं दगावत होती. म्हणून १९६५ साली केम्प यांनीच सरसकट देवी काढणं बंद करा, असा आग्रह धरला. १९६८ साली अमेरिकेत १ कोटी ४२ लाख लोकांना लस दिली गेली आणि तिच्यापायी ९ जण मरण पावले. देशात नसलेल्या रोगासाठी ही किंमत फार मोठी होती. १९७१ मध्ये सर्वसामान्यांचं लसीकरण थांबवण्याची शिफारस झाली.

सैन्यात मात्र ते चालू राहिलं, आणि १९८४ साली एका एकोणीस वर्षांच्या रंगरुटाने डॉक्टरांना हादरवून सोडलं. भरतीच्या वेळी तो धडधाकट होता. इतर लशींबरोबर त्याच्या दंडावर देवीही काढली गेली. अडीच आठवड्यांनी ताप, डोकेदुखी, मान आखडणं सुरू झालं. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात त्याच्या मेंदूच्या आवरणात बुरशीचा संसर्ग सापडला आणि त्यामागून एड्सचं निदान झालं. दंडावर व्रण पडला होता. पाठोपाठ ढुंगणावर, पायांवर पुवाचे फोड उठले. बारा आठवडे प्रतिपिंडांची इंजेक्शनं देऊन डॉक्टरांनी व्हॅक्सिनिया आटोक्यात आणला, पण डिसेंबर १९८५ मध्ये एड्सने त्याचा बळी घेतला. त्याला लस दिली तेव्हा एचआयव्हीची चाचणी बाजारात आलेलीच नव्हती. ती मार्च १९८५ मध्ये आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून लष्कराने भरती होणाऱ्या प्रत्येकासाठी ती सुरू केली. ही हकीकत १९८७ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडणाऱ्यांत पहिलं नाव रॉबर्ट रेडफिल्ड यांचं होतं. कोविडच्या साथीत तेच अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे, म्हणजे सीडीसीचे प्रमुख होते.

त्यामुळे २००२ साली सुई पुन्हा हाती घेताना सगळ्यांच्या मनात धास्ती होती ती दुबळ्या प्रतिकारशक्तीची. मधल्या तीस वर्षांत अशी माणसं कितीतरी पटींनी वाढली होती. एचआयव्हीबाधित होते, मूत्रपिंड किंवा यकृत बदललेले होते, केमोथेरपी घेणारे होते, संधिवातासाठी स्टिरॉइड घेणारे होते. प्रश्नावल्या छापल्या गेल्या. इसब आहे का? एचआयव्ही? कर्करोग? अवयव बदललाय? गरोदर आहात का? आणि हेच घरातल्या कुणाला आहे का? कारण दंडावरच्या फोडातला विषाणू स्पर्शाने घरच्यांना लागू शकतो. अटलांटाच्या ग्रेडी मेमोरियलसारख्या मोठ्या रुग्णालयांनी तर या मोहिमेत भागच घ्यायला नकार दिला. खाटेवरच्या अशक्त रुग्णाला आपल्याच परिचारिकेच्या दंडावरून संसर्ग व्हायचा, हा धोका त्यांना पत्करायचा नव्हता. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर ती भूमिका समंजस होती.

ही खबरदारी कमालीची फळली. मे २००३ च्या अखेरपर्यंत ४,५०,२९३ सैनिकांना लस देऊन झाली आणि त्यांत प्रोग्रेसिव्ह व्हॅक्सिनियाचा एकही रुग्ण निघाला नाही. पुढे तपासताना असं आढळलं की दहा एचआयव्हीबाधित सैनिकांना निदानाआधी चुकून लस दिली गेली होती. त्यांनाही काही झालं नाही, कारण त्यांच्या प्रतिकारशक्तीची अजून पडझड झालेली नव्हती.

संकट आलं ते प्रश्नावलीत ज्याचा उल्लेखच नव्हता अशा ठिकाणी.

विशी-तिशीतला सैनिक, व्यायामाने कसलेला, कधी आजारी न पडलेला. देवी काढून दहा-अकरा दिवस झालेले, दंडावरचा फोड ऐन भरात. आणि छातीत कळ येते. आडवं झालं की वाढते, पुढे वाकून बसलं की थोडी कमी होते. लष्करी दवाखान्यातला डॉक्टर ईसीजी काढतो तर त्यावर हृदयविकाराच्या झटक्यासारख्या रेषा उमटतात. रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालेली. अँजिओग्राफी केली तर रक्तवाहिन्या स्वच्छ. पंचवीस वर्षांच्या पोराच्या रक्तवाहिन्या स्वच्छच असणार, पण मग हे काय? तो हृदयदाह होता. कुणाच्या हृदयाच्या स्नायूला सूज, कुणाच्या भोवतालच्या आवरणाला, कुणाच्या दोन्हींना.

डिसेंबरच्या मध्यापासून १४ मार्च २००३ पर्यंत पहिल्यांदा देवी काढलेल्या २,३०,७३४ सैनिकांत असे १८ रुग्ण सापडले. जेफ्री हॅलसेल आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केले. सगळे पुरुष, सगळे गोरे, वय २१ ते ३३. लस घेतल्यापासून ७ ते १९ दिवसांत त्रास सुरू झालेला. लस न घेतलेल्या सैनिकांत जेवढे अपेक्षित असते, त्याच्या साडेतीन पटींहून जास्त हे प्रमाण होतं. पूर्वी कधी तरी देवी काढलेल्या ९५,६२२ जणांत मात्र एकही नाही. लहानपणी देवी काढलेल्याचं शरीर या विषाणूला ओळखत होतं, ते शांतपणे निभावून नेई. पहिल्यांदाच गाठ पडलेलं तरुण शरीर सगळ्या ताकदीनिशी तुटून पडे.

अशाच एका रुग्णाच्या हृदयाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला आणि ते वर्णन २००३ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये आलं. स्नायूंच्या धाग्यांमध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी उसळलेली होती. हृदय सुजवत होती ती शरीराची स्वतःचीच फौज. केम्प यांच्या बाळांच्या आणि त्या रंगरुटाच्या बाबतीत शरीर लढत नव्हतं म्हणून विषाणू माजला होता. या सैनिकांच्या बाबतीत शरीर गरजेपेक्षा जोरात लढलं. एकाच सुईचे दोन धोके, आणि त्यांची कारणं एकमेकांच्या अगदी उलट. एका बाजूची काळजी घेणारी प्रश्नावली दुसऱ्या बाजूला आंधळी राहणारच होती.

खरं तर दुसऱ्या बाजूची कुणकुण आधी लागली होती. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधल्या पाहणीत सक्तीच्या भरतीतल्या २३४ जवानांचे लसीकरणानंतर ईसीजी काढले गेले, तेव्हा सुमारे तीन टक्क्यांत बदल दिसले होते. पण युरोपातली लस वेगळ्या वाणाची आणि जहाल, ड्रायव्हॅक्समधला न्यूयॉर्कचा वाण सौम्य, असा अमेरिकन समज होता. अमेरिकेत देवी बहुतेक लहानपणीच काढत. बाळ छातीत दुखतंय असं सांगणार कसं? आणि ट्रोपोनिनची चाचणी तेव्हा नव्हती.

नागरी मोहीम २४ जानेवारी २००३ रोजी कनेक्टिकटमध्ये चार डॉक्टरांना लस देऊन सुरू झाली आणि सुरुवातीपासूनच रखडली. मार्चच्या अखेरीस तिच्यावर घाव पडला. लस घेतल्यानंतर थोड्याच दिवसांत पन्नाशी ओलांडलेले तिघे हृदयविकाराने गेले. दोन आरोग्य कर्मचारी होत्या, एक नॅशनल गार्डचा जवान. तिघांनाही हृदयविकाराचा धोका आधीपासून होता. इराक युद्धाच्या पहिल्या आठवड्यातच, २५ मार्चला, सीडीसीने हृदयविकार असलेल्यांना लस देणं थांबवलं.

हे मृत्यू लशीनेच झाले का? उत्तर शोधायला संशोधक न्यूयॉर्कच्या जुन्या दफ्तरात शिरले. १९४७ साली मेक्सिकोहून बसने आलेल्या एका प्रवाशाने त्या शहरात देवी आणली होती आणि महिन्याभरात ६० लाखांहून जास्त लोकांना लस टोचली गेली होती. वाण तोच, न्यूयॉर्कचा. १९४६ ते १९४८ मधले सुमारे ८० हजार मृत्युदाखले तपासून पाहिलं, तर मोहिमेनंतर हृदयविकाराचे मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही. म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यांचा संबंध बहुधा योगायोगाचा होता. हृदयाच्या सुजेचा नव्हता. सुमारे ३८ हजार नागरी स्वयंसेवकांत हृदयदाहाचे २१ रुग्ण नोंदले गेले. पाच लाखांचं उद्दिष्ट ठेवलेली मोहीम तेवढ्यावरच विरून गेली.

याच काळात एका बावीस वर्षांच्या राखीव सैनिक मुलीचा मृत्यू झाला. तिला एकाच दिवशी देवीसह पाच लशी दिल्या होत्या. शवविच्छेदनात ल्युपससारख्या, म्हणजे शरीराने स्वतःवरच उलटण्याच्या विकाराच्या खुणा सापडल्या. लशींमुळे तो भडकला असण्याची शक्यता तज्ज्ञांच्या समित्यांनी मान्य केली. प्रतिकारशक्ती बिघडलेली असते तेव्हा ती नेहमी दुबळीच असते असं नाही, हे तिच्या मृत्यूने दाखवून दिलं. अशा विकाराची सुप्त सुरुवात कुठल्याही प्रश्नावलीने पकडता येत नाही.

वॉल्टर रीडमधल्या प्रतिकारशक्तीतज्ज्ञ कर्नल रेनाटा एंगलर यांना प्रश्न पडला होता तो नोंदीचाच. दवाखान्यात आला तो रुग्ण मोजला गेला. दुखणं अंगावर काढलं त्याचं काय? त्यांच्या गटाने देवी काढणाऱ्या १,०८१ सैनिकांचं लशीआधी आणि लशीनंतर रक्त तपासलं. २०१५ साली आलेल्या या अभ्यासात ५ जणांना लक्षणांसह हृदयदाह झालेला आढळला आणि आणखी ३१ जणांचं ट्रोपोनिन काहीही न दुखता वाढलेलं. नुसत्या तक्रारी मोजून जे प्रमाण मिळालं होतं, त्याच्या कितीतरी पटींनी हे जास्त होतं. तोवर ड्रायव्हॅक्सची जागा ‘एकॅम २०००’ या प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवलेल्या लशीने घेतली होती. तिला ऑगस्ट २००७ मध्ये परवाना मिळाला. विषाणू जिवंतच, त्यामुळे वेष्टनावर काळ्या चौकटीत इशारा छापला गेला: पहिल्यांदा घेणाऱ्या १७५ प्रौढांमागे एकाला हृदयदाह होऊ शकतो. दुबळ्या प्रतिकारशक्तीचा इशारा तर होताच.

त्या इशाऱ्याला अर्थ होता. जानेवारी २००९ मध्ये एका वीस वर्षांच्या मरीन सैनिकाला ही लस दिली आणि दोन आठवड्यांच्या आतच त्याला रक्ताचा कर्करोग असल्याचं कळलं. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी संपल्या आणि दंडावरची जखम केम्प यांनी वर्णन केल्याप्रमाणे पसरू लागली. प्रश्नावलीतला प्रश्न त्याला विचारला गेला असणार, पण उत्तर तेव्हा त्यालाच ठाऊक नव्हतं. प्रतिपिंडांच्या जोडीला तेव्हा प्रयोगावस्थेत असलेली दोन विषाणूविरोधी औषधं वापरून डॉक्टरांनी तो संसर्ग परतवला.

खरा मार्ग म्युनिकमध्ये कधीच सापडून ठेवलेला होता. पशुवैद्य आणि विषाणूतज्ज्ञ आंतोन मायर यांनी तुर्कस्तानात वापरात असलेला अंकारा वाण कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवला, पाचशे सत्तरहून जास्त वेळा. एवढ्या पिढ्यांत त्या विषाणूने आपला जवळजवळ सातवा हिस्सा जनुकसाठा गमावला आणि माणसाच्या पेशीत वाढायची त्याची ताकदच गेली. तो शिरतो, शरीराला आपली ओळख पटवतो आणि तिथेच संपतो. फोड नाही, वण नाही. १९७० च्या दशकात जर्मनीत एक लाख वीस हजारांच्या आसपास लोकांना तो दिला गेला, आणि मग देवीच गेल्यामुळे तो बाजूला पडला. एमव्हीए हे त्याचं नाव.

२००७ साली अमेरिकन सरकारने डेन्मार्कच्या बव्हेरियन नॉर्डिक कंपनीकडे या वाणाच्या लशीचे दोन कोटी डोस मागवले ते नेमके दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या लोकांसाठी. एचआयव्हीबाधितांवर, इसब असलेल्यांवर चाचण्या झाल्या. दक्षिण कोरियातल्या अमेरिकन सैनिकांवर तिची एकॅमशी तुलना झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘जिनिऑस’ या नावाने तिला परवाना मिळाला, तोही फक्त अशक्तांसाठी नव्हे, तर संसर्गाचा धोका असलेल्या सगळ्याच प्रौढांसाठी. अशक्तांना जपण्यासाठी घडवलेली लस सशक्तांच्या हृदयालाही मानवणारी निघाली.

मग २०२१ साल आलं, आणि वॉल्टर रीडच्या डॉक्टरांना तीच छातीतली कळ पुन्हा भेटली. या वेळी लस कोविडची होती, एमआरएनएची, आणि तिच्यात वाढणारा विषाणू नव्हता. इस्रायलहून तरुण मुलांच्या हृदयदाहाच्या बातम्या येत होत्या. जूनमध्ये अमेरिकन लष्करातल्या २३ पुरुषांची नोंद प्रसिद्ध झाली. २८ लाख डोसांमागे २३, लशीनंतर चार दिवसांच्या आत, त्यांतले २० दुसऱ्या डोसनंतर. लेखकांत एंगलर यांचंही नाव होतं. कुठे आणि कसं पाहायचं, हे त्यांना देवीच्या लशीने शिकवलं होतं. पुढे अमेरिकेतल्या नोंदींत सर्वाधिक प्रमाण १६-१७ वर्षांच्या मुलांत, फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर, दहा लाखांमागे सुमारे १०६ एवढं निघालं. बहुतेक मुलं थोड्या दिवसांत बरी झाली.

दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या लोकांचं दुखणं इथेही उलटंच होतं. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी अवयव बदललेल्या ६५८ जणांचं रक्त तपासलं, तर दोन डोसांनंतरही जेमतेम ५४ टक्क्यांत प्रतिपिंडं आढळली. उरलेले लस घेऊनही उघडेच होते. म्हणून १२ ऑगस्ट २०२१ रोजी अशा लोकांसाठी अमेरिकेत तिसऱ्या डोसला परवानगी मिळाली. समाजमाध्यमांवर मात्र दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली आणि ‘हृदयाला सूज येते’ हे ऐकून ज्यांना लशीची सर्वाधिक गरज होती त्यांतलीही काही माणसं घाबरून मागे हटली असावीत. हे नुकसान कुठल्याही तक्त्यात दिसत नाही, आणि ते कमी समजू नये.

दुबळ्या प्रतिकारशक्तीची माणसं अशी उघडी राहिली तर त्याची किंमत काय असते, हे २०२२ च्या मंकीपॉक्सच्या साथीने उघड केलं. देवीच्याच कुळातला हा विषाणू. प्रतिकारशक्ती खालावलेल्या ३८२ एचआयव्हीबाधित रुग्णांची पाहणी झाली. त्यांतले २७ मरण पावले आणि त्या सगळ्यांच्या सीडी-४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या ज्या पेशी एचआयव्ही संपवतो त्या, २०० च्या खाली होत्या. अमेरिकेच्या साठ्यात एकॅमचे दहा कोटींहून जास्त डोस होते, पण या रुग्णांना ते चालणार नव्हते. धावून आली ती जिनिऑस, आणि दहा लाखांहून जास्त डोस दिले गेले.

भारतात कोविडच्या वेळी मुख्यतः कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन दिल्या गेल्या. एमआरएनए पद्धतीची लस पुण्याच्या जेनोवा कंपनीने बनवली, तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. पुढच्या लशी याच पद्धतीच्या येतील अशी चिन्हं आहेत. म्हणून वाचकांना दोन गोष्टी सांगायला हव्यात. अवयव बदललेला असेल, कर्करोगाचे किंवा संधिवाताचे उपचार चालू असतील, एचआयव्ही असेल, तर लस टाळू नका. आपला आजार आणि चालू औषधं टोचणाऱ्याला आधी सांगा, म्हणजे जिवंत विषाणूची लस टाळून चालणारी लस निवडता येईल. आणि घरातल्या तरुण मुलाच्या छातीत लशीनंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कळ आली, धाप लागली, धडधड वाढली, तर पित्त म्हणून सोडू नका. डॉक्टरांकडे न्या, ईसीजी आणि ट्रोपोनिन करून घ्या, लस कुठली आणि कोणत्या तारखेला घेतली ते सांगा आणि त्याची सरकारी नोंद करायला लावा.